परत घेतलेला तिळगूळ

जानेवारी आला की आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीत दोन गोष्टी बरोबरीनं होतात. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे साचतात, आणि आमच्या मराठी मंडळातली माणसं गोड बोलायला लागतात. वर्षभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये एकमेकींच्या हातावर तिळगूळ ठेवतात आणि गळ्यात गळे घालून फोटो काढतात. यंदा तिथं एका तरुण मुलीनं मला विचारलं, "मावशी, याचं ॲक्च्युअल मीनिंग काय? म्हणजे, लाइक, फर्गिव्ह अँड फर्गेट?" मी म्हटलं, "साधारण तसंच." तिचं समाधान झालं. मला मात्र तिळगूळ म्हटलं की क्षमाबिमा काही आठवत नाही. मला आमचा शेजारी रेज आठवतो.

विसरणं मला जमत नाही, आणि जमत नाही याचं वाईटही वाटत नाही. मी साताऱ्याकडची. आमच्या आत्याचा एका लग्नात मान राहिला नाही, तर ती मरेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायली नाही. लोक याला कोतेपणा म्हणतात, मी स्मरणशक्ती म्हणते. अमेरिकेत आले तेव्हा वाटलं होतं की इथं सगळे 'इट्स ओके' म्हणून मोकळे होतात, इथं आपल्यासारखं डूख धरणारं माणूस काही भेटायचं नाही. मग शेजारच्या घरात रेज निघाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा मधू जवळच्या वूस्टर शहरातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासत होते. रेज माझ्या वडिलांच्या वयाचा. मुलं त्याला रेजकाका म्हणत, पण इंग्रजीत अहो-जाहो नसल्यामुळे माझ्या मनात तो कायम 'तो'च राहिला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, क्वीन्सलंडमधल्या एका लहानशा गावात बेकरीत पाव भाजणारा. महायुद्धात पायदळातला साधा शिपाई. ब्रिस्बेनला मलेरियानं हॉस्पिटलात पडला होता तेव्हा त्याला डोरोथी नावाची अमेरिकन नर्स भेटली, ती निघाली वूस्टरची. युद्ध संपल्यावर तिच्याशी लग्न करून हा इकडे आला आणि इथल्याही बेकरीतच आयुष्यभर पीठ मळलं. आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा डोरोथी जाऊन बरेच दिवस झाले होते आणि रेज रिटायर झाला होता.

एरवी शांत माणूस. टोमॅटो लावायचा, रेडिओवर बेसबॉल ऐकायचा, मुलांना पावाच्या पिठाचे साप करून द्यायचा. पण जानेवारीत त्याला घरात बसवत नसे. बर्फ पडायची खोटी, की हा शॉव्हेल घेऊन बाहेर. स्वतःचा ड्राइव्हवे, मग आमचा, मग समोरच्या विधवा बाईंचा. मधू म्हणायचा, "किती हेल्पफुल आहे बघ." मी खिडकीतून बघत असायचे. तो बर्फ बाजूला करत नव्हता, कुणाच्या तरी तोंडावर फेकत होता. मदत करणाऱ्या माणसाचे खांदे तसे दिसत नाहीत. ते खांदे माझ्या ओळखीचे होते.

संक्रांतीच्या आधी मी तीळ भाजत होते तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. झाकणाखाली तीळ तडतडायला लागले तसा त्यानं आपली खुर्ची हळूच भिंतीला टेकवली आणि मगच बसला. मी गॅस बारीक केला. खमंग वास सुटला होता, खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. मी विचारलं, "रेज, जानेवारीत तुला काय होतं?" इतक्या वर्षांत त्याला असं सरळ कुणी विचारलं नसावं. त्यानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि सांगायला लागला.

महायुद्धातल्या एका जानेवारीत, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआमध्ये, समुद्रकाठच्या दलदलीत जपान्यांशी लढाई झाली, तिथं तो होता. जागेचं नाव सनानंदा. मला आधी ते एखाद्या स्वामींचं नाव वाटलं. पण तिथं आनंदाचं काही नव्हतं. पाऊस थांबत नसे आणि खणलेला खड्डा बघता बघता भरून जाई, त्या पाण्यात बसूनच डबाबंद मांस आणि लाकडासारखी बिस्किटं खायची. मोजे काढले की बरोबर कातडी सोलून यायची. ताप सगळ्यांनाच होता, म्हणून ताप आहे या कारणावर कुणाला मागं पाठवत नसत. जपानी सैनिक नारळाच्या ओंडक्यांच्या बुटक्या खोपटांत दबा धरून बसलेले, वर माती आणि झाडोरा. अगदी अंगावर जाईपर्यंत काही दिसायचं नाही. मधे माणसाच्या उंचीचं धारदार गवत. "तुला इथला बर्फ नको वाटतो, लव्ह," रेज म्हणाला; त्याच्या गावाकडे बायकांना सहज अशीच हाक मारत. "मला तो आवडतो. त्यात कुणी लपून राहत नाही."

टेड त्याचा दोस्त. एकाच बेकरीत काम करायचे, एकाच दिवशी भरती झाले. सकाळी ज्या गवतातून माणसं पुढे गेली आणि परत आली नाहीत, त्याच गवतातून दुपारी पुन्हा जायचा हुकूम कॅप्टननं दिला. टेड तापानं फणफणला होता. रेजनं कॅप्टनला विनवलं की याला आज राहू दे. कॅप्टन म्हणाला, ताप कुणाला नाही. टेड गेला आणि गवतात पडला. मेला नाही. दोन दिवस तो तिथं पडून हाका मारत होता आणि खड्ड्यात बसलेल्या प्रत्येकाला त्या ऐकू येत होत्या. आधी पाणी मागितलं. मग रेजला बोलावलं. शेवटी शेवटी तो नुसतं 'सर, सर' करत होता. कॅप्टननं सांगितलं होतं, कुणीही हलायचं नाही.

"तो हुकूम बरोबर होता," रेज म्हणाला. "गेलो असतो तर मीही तिथंच पडलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं."

"मग राग कशाचा?" मी विचारलं.

"पुढचं ऐक."

पुढचं असं झालं. बरा होऊन रेज गावी गेला. टेडची आई बेकरीच्या मागच्या गल्लीत राहायची. काही दिवसांनी कॅप्टन तिला भेटायला आला, कडक इस्त्रीच्या गणवेषात. रेज तिथंच बसला होता. आईनं विचारलं, माझ्या मुलाला त्रास झाला का? कॅप्टन म्हणाला, एका क्षणात गेला, त्याला कळलंही नाही. आणि रेजकडे वळून म्हणाला, "हो ना, रेज?" रेज म्हणाला, "येस, सर." आईनं डोळे पुसले आणि कॅप्टनला घरचा फ्रूट केक कापून दिला. त्यानं तो खाल्ला. आणखी एक तुकडा मागून घेतला. मग तो गाडीत बसून निघून गेला, आणि ते खोटं रेजच्या गळ्यात राहिलं. ती बाई रस्त्यात दिसली की थांबवायची, "त्याला त्रास नाही ना रे झाला?" हा म्हणायचा, नाही. बाजारात तेच, चर्चच्या दारातही तेच. शेवटी त्याला ते गाव सोसेना. डोरोथीसाठी अमेरिकेला आला असं सगळे म्हणत. "डोरोथीसाठी आलोच," तो म्हणाला, "पण त्या प्रश्नापासून पळूनही आलो."

मी उलथनं तसंच हातात धरून उभी होते. कारण ते वाक्य मी ऐकलेलं होतं. मराठीत ऐकलेलं होतं. बासष्ट साली माझा दादा, पायदळातला शिपाई, तिकडे बर्फाच्या डोंगरात गेला आणि आला नाही. पुढे एक साहेब घरी आले होते. मी परकर-पोलक्यात दाराशी उभी. आईनं तोच प्रश्न विचारला, आणि साहेब म्हणाले, "एका क्षणात गेला, माउली. त्याला कळलंही नाही." आईनं जाताना त्यांच्या हातावर बेसनाचे लाडू ठेवले. त्यांच्यामागे एक जवान उभा होता. त्यानं सगळा वेळ मान वर केली नाही. त्याची ती खाली घातलेली मान मी अजून विसरलेले नाही.

कुणी म्हणेल, आयांना तसंच सांगावं, ती दया असते. असेल. माझ्या आईला ते वाक्य हवं होतं हे मलाही कबूल आहे. पण दया म्हणून खोटं बोलणाऱ्यानं निदान स्वतःला खरं ठाऊक ठेवावं. होतं असं की तो ते खोटं उशाशी घेऊन सुखानं झोपतो आणि खरं काय ते दुसऱ्या कुणाला तरी जन्मभर जागवतं. या वाटणीचा मला संताप येतो.

रेजला सूड हवा होता, आणि तो अगदी साधा होता. "त्याला मारायचं नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत," तो म्हणाला. "टेड दोन दिवस हाका मारत होता आणि आम्ही ऐकत होतो, एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय. दुसऱ्या कुणासमोर. माझं ते 'येस, सर' मला परत हवंय." मग त्यानं मूळ बातमी सांगितली. कॅप्टनची मुलगी बॉस्टनला दिलेली, तिच्याकडे तो आला होता. कुठून तरी नंबर मिळवून त्यानं फोन केला होता, जुन्या सोबत्यांना भेटावंसं वाटतं म्हणून. रेजला तो स्वतःच्या घरात नको होता. "तुझ्याकडे रविवारी माणसं येणार आहेत ना? तिथं बोलावलं तर चालेल?"

चालेल म्हणजे काय, मला तर नवस फेडायला मिळाल्यासारखं वाटलं. त्या नादात माझा पाक पुढे गेला. आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेला चांगला गूळ, पण लाडू झाले दगड. मधूनं एक दाताखाली धरून बघितला आणि म्हणाला, "अगं, हे फोडायला प्लांटमधली प्रेस आणावी लागेल." त्याला मी एवढंच सांगितलं होतं की रेजचे कुणी आर्मीतले ओळखीचे येणार आहेत.

तो रविवार माझ्या नाकात अजून आहे. दाराशी ओल्या बुटांचा ढीग, पलंगावर कोटांचा ढीग, ओल्या लोकरीचा आणि मसाला दुधाचा एकत्र वास. बायका काळ्या साड्यांत, वरून स्वेटर. मुलं बेसमेंटमध्ये दंगा घालत होती. रेज निळा कोट घालून सोफ्याच्या कोपऱ्यात ताठ बसला होता. मुलीनं गाडीतून आणून सोडलं आणि कॅप्टन उतरला, उंच, पांढऱ्या केसांचा, हातात काठी. दारातच त्यानं दोन्ही हात जोडून 'नमस्ते' म्हटलं, युद्धात हिंदुस्तानी पलटणीतल्या लोकांकडून शिकलो म्हणाला. सगळे खूश झाले. माणूस लाघवी होता, आणि याचाच मला जास्त राग आला. तो येऊन रेजच्या शेजारी बसला. रेज उठला नाही.

आणि मग मधूनं ते केलं, जे मराठी माणूसच करेल. लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन तो दोघांपुढे उभा राहिला, एक लाडू कॅप्टनच्या हातावर ठेवला, एक रेजच्या, आणि इंग्रजीत समजावून सांगितलं, "आमच्याकडे आज हे घेतलं की जुनी भांडणं संपली. सगळं विसरायचं आणि यापुढे गोड बोलायचं." त्याचा काही दोष नव्हता, तो सगळ्यांनाच तसं सांगत होता. कुणीतरी "हाउ स्वीट" म्हटलं, एकदोघींनी टाळ्या वाजवल्या. मंडळातल्या नागपूरच्या काकूंचे डोळे भरून आले. दोन म्हातारे सैनिक, इतक्या वर्षांनी, हातावर तिळगूळ. माझ्या घरात, माझ्या हातच्या लाडवानं, बघता बघता सगळं मिटत आलं होतं.

कॅप्टनलाही भरून आलं. "काय सुंदर रीत आहे तुमची," तो म्हणाला. "रेज, टेडला हे आवडलं असतं, नाही? बिचारा टेड. एका क्षणात गेला. निदान त्याला कळलं तरी नाही." हे तो ढोंगानं म्हणाला नाही. इतक्यांदा सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. मग तो रेजकडे वळला. "हो ना, रेज?"

मी रेजचा चेहरा बघितला. त्याचे ओठ हलले. चाळीसएक वर्षं हिंडून फिरून तो पुन्हा त्या बाईच्या घरात बसला होता, आणि ते 'येस, सर' अगदी ओठांवर आलं होतं. हातात गोड, समोर माणसं, सगळ्यांचे डोळे भरलेले. अशा वेळी कुणाच्या तोंडून दुसरं काय निघणार?

माझ्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. ते मी टीपॉयवर ठेवलं, पुढे गेले आणि कॅप्टनच्या तळहातावरचा लाडू उचलून घेतला.

मधू म्हणाला, "अगं, हे काय?"

"आमच्याकडे आधी बोलायचं असतं," मी कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं. "मग खायचं." अशी काही पद्धत नाही. ती मी तिथल्या तिथं केली. खोलीतल्या सगळ्या बायकांना ते कळलं, पण एकीनंही मला खोटं पाडलं नाही. नागपूरच्या काकूंनी तर मान हलवली.

"काय बोलू?" कॅप्टननं विचारलं.

"टेडचं. खरं काय झालं ते. रेजला ऐकायचंय."

त्याचा हात तसाच पुढे पसरलेला होता, रिकामा. त्यानं रेजकडे बघितलं. "मी तुला जाऊ दिलं असतं तर तूही मेला असतास."

"ठाऊक आहे," रेज म्हणाला. "ते नाही विचारलं."

खालून मुलांचा आवाज येत होता. मग कॅप्टन म्हणाला, "दोन दिवस. आम्ही सगळे ऐकत होतो."

"काय ऐकत होतो?"

"पाणी मागत होता. मग तुझं नाव घेत होता."

"मग?"

कॅप्टननं काठीवर हात घट्ट केला. "मग सर म्हणत होता."

"कुणाला?"

"मला."

"पुन्हा सांग," रेज म्हणाला.

आणि त्यानं पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. सांगताना तो काठीच्या मुठीकडे बघत होता. मला त्या म्हाताऱ्याची दया आली का? नाही आली. खरं सांगते, मला बरं वाटलं. तिथं बसून तो बोलत होता, आणि मला आमच्या घरी आलेले साहेब दिसत होते, लाडू रुमालात बांधून निघालेले. त्यांच्यामागे उभा असलेला तो जवानही दिसत होता. त्यानं तेव्हा मान वर केली असती तर काय सांगितलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. टेडचं तरी कळलं.

बोलून झाल्यावर मी लाडू परत कॅप्टनच्या हातावर ठेवला. कबूल केलं होतं, म्हणून ठेवला. त्याला तो खाववेना. त्यानं तो समोरच्या बशीत ठेवला, मधूनं त्याला कोट घालायला मदत केली आणि हात धरून, घ्यायला आलेल्या मुलीच्या गाडीपर्यंत नेलं. जाताना कॅप्टन दारात थांबला आणि रेजकडे बघत राहिला. रेज सोफ्यावरच बसून राहिला. क्षमा मागायला तो आला होता असं मला वाटत नाही, आणि मागितली असती तरी ती त्या दिवशी आमच्या घरात नव्हती.

गाडी गेल्यावर रेजनं मूठ उघडली. त्याचा लाडू घामानं चिकट झाला होता. तो त्यानं रुमालात गुंडाळून खिशात टाकला, बशीतला कॅप्टनचा लाडू उचलला आणि तोंडात ठेवला. मी म्हटलं, "रेज, जपून, तुझे दात." तो गालातल्या गालात लाडू फिरवत म्हणाला, "आर्मी बिस्किट असंच असायचं, लव्ह. चावायचं नाही. राहू द्यायचं." सगळे घरी जाईपर्यंत तो त्या कोपऱ्यात बसून तो चघळत होता. त्याला कसलीही घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी भरपूर बर्फ पडला. रेज बाहेर आला नाही. उशिरापर्यंत झोपला होता. आमचा ड्राइव्हवे मधूला स्वतः काढावा लागला आणि तो दिवसभर कंबर धरून कुरकुरत होता. पुढे केव्हातरी ऑस्ट्रेलियाहून कॅप्टन गेल्याची बातमी आली. रेज म्हणाला, "बरं झालं," आणि चहा मागितला. आता रेजही नाही. मधूला मात्र तो रविवार अजून लागतो. घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं तू काढून घेतलंस, असं तो दर जानेवारीत एकदा तरी म्हणतो. एवढ्या वर्षांत त्यानं मला त्याची माफी दिलेली नाही. म्हणजे तोही माझ्याच पंक्तीला येऊन बसलाय, पण हे मी त्याला सांगत नाही.

यंदाही लाडू घरीच केले. हॉलमध्ये पाकिटातले मऊ लाडू वाटतात, ते मला पटत नाहीत. डब्यात एक लाडू मी दर वर्षी वेगळा ठेवते, पाक मुद्दाम पुढे जाऊ देऊन केलेला. मधू विचारतो, हा कुणाचा? मी म्हणते, एकांचा आहे. त्या साहेबांचं नाव मला ठाऊक नाही, ते आहेत की गेले तेही ठाऊक नाही. पण आलेच कधी दाराशी, तर मी त्यांना आत घेईन, बसवीन, पाणी देईन. लाडू हातावर ठेवणार नाही. आधी दादाचं बोलायचं.